दुष्काळानंतर माळ हिरवा झाला, पण सावरला का?

सांगोला तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलोपार्जित चौदा एकर जमीन. त्यात विहिरीखाली पाच एकर डाळिंब आणि उरलेला नऊ एकर मुरमाड माळ. २०२३ चा हंगाम कोरडा गेला, जनावरं निम्म्याहून कमी करावी लागली. २०२४ ला चांगला पाऊस झाला, माळ हिरवागार दिसला. पण जवळ जाऊन पाहिलं तर गवत थोडं आणि गाजरगवत, तरोटा, कुसळी जास्त. त्यानंतरचा पाऊसही बरा आहे. चुलते म्हणतात, ट्रॅक्टर घालून एकदाचं नांगरून टाक. भाऊ म्हणतो, शेळ्या आणू. गावात रोपं फुकट वाटतायत, तर कुणी म्हणतं झाडं लाव. आणि प्रश्न विचारणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न असा : "काहीच केलं नाही तर निसर्ग आपोआप सावरेल का, आणि किती वर्षं लागतील?"

मी माणदेशातच चराऊ रानांचं आणि पाणलोटाचं काम करतो. आटपाडी, जत, माण, सांगोला या पट्ट्यातले माळ दुष्काळात करपताना आणि पुन्हा उभे राहताना पाहत आलो आहे, त्या अनुभवावर सांगतो. तुमचा माळ मी पाहिलेला नाही. त्यामुळे जिथे उत्तर जमिनीच्या खोलीवर, उतारावर किंवा चराईच्या इतिहासावर अवलंबून आहे, तिथे तसं स्पष्ट म्हणेन.

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. नांगरायचं, शेळ्या आणायच्या की झाडं लावायची, हे तिन्ही प्रश्न नंतरचे. दुष्काळातून तुमच्या माळात जमिनीखाली जिवंत काय राहिलं, हे पहिलं शोधायला हवं. जे शिल्लक असतं तेच पाऊस उठवतो. गवताचे ठोंब, म्हणजे मुळांसकट जुने बुंधे, शिल्लक असतील तर ठोंब फुटतात, नुसतं तणाचं बी शिल्लक असेल तर तण उठतं. वरची हिरवाई दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून तिच्यावरून अंदाज बांधू नका.

पहिल्या पावसानंतर एवढं तण का माजलं, त्याला सरळ कारण आहे. कोरड्या काळात जमिनीतले असंख्य सूक्ष्म जीव मरतात, बारीक मुळं मरतात आणि हे सगळं तसंच पडून राहतं, कारण ओल नसली की कुजण्याची क्रिया जवळपास थांबते. मग पाऊस पडतो. ओल मिळताच वाचलेले जीव एकदम कामाला लागतात आणि साठलेल्या मेलेल्या मालातून थोड्याच दिवसांत भरपूर नत्र मोकळं होतं. आपल्याकडचे जुने शेतकरी दुष्काळानंतरच्या पिकाला वेगळाच जोम असतो असं म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण हे नत्र सर्वांत आधी कोण उचलतं? ज्याचं बी वरच्या बोटभर मातीत तयार पडलेलं आहे आणि जे चार-पाच दिवसांत उगवतं, ते. म्हणजे माठ, घोळ, गोखरू, कुर्डू, तरोटा आणि अर्थातच गाजरगवत. ठोंबाच्या गवताला मुळं नव्याने धरायला वेळ लागतो, तोवर ही मंडळी गुडघ्याएवढी झालेली असतात.

म्हणून २०२४ ला तण माजलं यावरून जमीन बिघडली असा निष्कर्ष काढू नका. उलट उघड्या मुरमावर पहिल्या वर्षी त्या तणाचा उपयोगच झाला असणार. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब आदळतो, माती फुटते, बारीक कण फटीत बसतात आणि पाऊस थांबला की वर पापुद्र्यासारखी खपली धरते. त्यानंतरचा पाऊस आत न जिरता वाहून जातो. कुठलंही पान वर असलं की थेंबाचा मार तुटतो. आमच्या भागात वर्षाला साधारण साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही वळवाचा थोडा, मृगाचा थोडा, मधे आषाढ-श्रावणातला नुसता वारा आणि मग उत्तरा-हस्ताचा खरा पाऊस. अशा ठिकाणी किती पडला यापेक्षा किती जिरला याला महत्त्व. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशभरात १९०१ पासूनच्या कुठल्याही ऑगस्टपेक्षा कमी पाऊस झाला होता. त्या वर्षी राज्य सरकारने सुरुवातीला जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात सांगोला होताच. इतक्या मोठ्या ताणानंतर माळ एका पावसाळ्यात जागेवर येईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता शिल्लक कशी मोजायची ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

पाऊस होऊन दहा-पंधरा दिवस झाले की सकाळी खुरपं घेऊन माळावर जा. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत सरळ रेषेत चाला, मधेच हिरवं दिसलं म्हणून वळू नका. दर काही पावलांवर थांबून पायाशी काय आहे ते पाहा. राखाडी, मेल्यासारखे दिसणारे गवताचे जुने ठोंब दिसतील. वरची वाळकी काडी बाजूला करा आणि बुडाशी, मातीला लागून असलेला भाग दोन बोटांनी दाबा. पोकळ लागला, चुरा झाला, वाळवीची माती आत भरलेली असली तर तो मेला. घट्ट लागला आणि काडी उपटल्यावर बुडाशी पांढरट ओलसर भाग दिसला तर जिवंत आहे, भले त्याला अजून पान फुटलेलं नसो. बऱ्याच ठोंबांचा मधला भाग मेलेला आणि कडेची कड तेवढी जिवंत असते. तोही जिवंतच धरा, कारण कडेने तो पुन्हा पसरतो.

मग बोराटीच्या जाळ्या पाहा. काट्यांमुळे त्यांच्या आत शेळीचं तोंड पोचत नाही, सावली असते, वाऱ्याने उडालेली माती आणि पाला तिथे साठतो. उघड्या माळावर काहीच नसलं तरी जाळीच्या पोटात मारवेल नाहीतर पवन्या या चाऱ्याच्या गवतांचे दोन-चार ठोंब मला हमखास सापडत आले आहेत. तरवडाच्या बुडाशीही पाहा. तरवड जनावरं खात नाहीत म्हणून तो चरून चरून झिजलेल्या माळावर वाढतो आणि लोकांना त्याचा राग येतो. पण त्याच्या आडोशाला गवत तगतं. हे आडोसे म्हणजे तुमच्या माळाचं बियाणं आहे. साफसफाई म्हणून बोराटी आणि तरवड तोडायचा मोह या दोन वर्षांत तरी आवरा.

या पाहणीवरून मी असा ठोकताळा लावतो. दोन-तीन पावलांवर एक तरी जिवंत ठोंब असेल तर फक्त विश्रांती पुरेशी आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. आठ-दहा पावलांवर एखादाच असेल तर विश्रांतीबरोबर थोडं बी आणि थोडी माती अडवण्याचं काम लागेल. अख्ख्या रेषेत एकही सापडला नाही आणि खाली मुरूमच उघडा पडला आहे, तर काम लांबचं आहे आणि त्यात मातीच आधी जमवावी लागेल. नऊ एकरांत तिन्ही प्रकारचे तुकडे असू शकतात, बहुधा असतातच. ओढ्याकडेचा खोलगट भाग पहिल्या प्रकारचा आणि टेकाडाची पाठ तिसऱ्या प्रकारची, असं चित्र आमच्याकडे नेहमीचं.

आता विश्रांती का आणि कधी. ठोंबाचं गवत पहिल्या पावसावर जे हिरवं पान काढतं ते ताज्या अन्नावर काढत नाही. बुडाशी आणि मुळांत आधीच्या हंगामात साठवलेलं पीठ-साखर वापरून काढतं. कणगीतलं शेवटचं पोतं पेरणीला काढावं तसं हे आहे. ती पहिली पानं वाढली, उन्हात स्वतः अन्न बनवू लागली की मुळाकडे परत साठा जायला सुरुवात होते. पण पानं चार बोटं असतानाच जनावराने ओरबाडली तर ठोंब उरलेला साठा काढून पुन्हा फुटतो. परत ओरबाडली की परत. चांगल्या वर्षी भरलेली मुळं असताना हे तो सहन करतो. दुष्काळातून निघालेला, आधीच रिकामा झालेला ठोंब तिसऱ्या वेळी उठत नाही. म्हणूनच अनेक माळांवर गवत दुष्काळात मरत नाही, दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मरतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि यातली हळहळ अशी की त्या वेळी माळ हिरवा असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही.

जनावरवाल्याची अडचण मला कळते. वर्षभर छावणीत किंवा विकतच्या कडब्यावर जगवलेली गाय पहिली हिरवळ दिसताच तिकडे ओढ घेते आणि आपल्यालाही वाटतं, सुटलो. पण पहिल्या पावसापासून निदान सहा ते आठ आठवडे माळ बंद ठेवला तरच मुळं सावरतात. आणि गवताची संख्या वाढायला हवी असेल, तर निसवलेलं गवत बी झाडून मोकळं होईपर्यंत, म्हणजे आमच्याकडे साधारण दिवाळीपर्यंत, थांबावं लागतं. सगळा नऊ एकर बंद ठेवणं परवडत नसेल तर तीन एकर मोकळा ठेवा आणि सहा एकर बंद करा. पुढच्या वर्षी तुकडा बदला. सगळ्यावर थोडी थोडी चराई करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काट्याचं कुंपण, खंदक, नाहीतर नुसता शेजाऱ्यापाजाऱ्यांशी स्पष्ट बोललेला शब्द, जे तुमच्या वस्तीवर चालतं ते करा. अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने डोंगरावर चराई बंद करून गवत कापून न्यायची पद्धत बसवली, त्याचा चाऱ्याला किती फायदा झाला ते सर्वांना माहीत आहे. विळ्याने कापलेलं गवत बुडाशी तीन-चार बोटं राहतं. शेळी मात्र थेट मातीपर्यंत जाते.

त्यामुळे भावाच्या शेळ्यांबद्दल माझं मत असं : आत्ता नको. शेळीपालनाला माझा विरोध नाही, या भागात शेळी-मेंढीनेच घरं तगवली आहेत. पण संख्या वाढवायची तर माळ दोन पावसाळे बी झाडू दे, मग. तोवर आणायच्याच असतील तर बांधून पाळा आणि डाळिंबाच्या बांधावरचा शेवरीचा, सुबाभळीचा पाला घाला.

धनगरांच्या मेंढ्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर वाडे घेऊन खाली उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बी झडून गेल्यावर, काडी वाळल्यावर मेंढ्या माळावरून फिरल्या तर नुकसान फारसं होत नाही. खुरांनी खपली फुटते, बी मातीत दाबलं जातं आणि लेंड्यांचं खत पडतं. तुमच्या तिसऱ्या प्रकारच्या, अगदी उघड्या तुकड्यावर दिवाळीनंतर चार-पाच रात्री मेंढ्या बसवायला मिळाल्या तर जरूर बसवा. परतीच्या वेळी, वळवावर फुटलेल्या कोंबांवर मात्र कळप येऊ देऊ नका.

चुलत्यांचा नांगर. खोल जमीन असेल, पूर्वी ती पेरत होता आणि पुन्हा पेरायचीच आहे, तर प्रश्न वेगळा. मुरमाड, उताराच्या माळावर नांगर घातला तर तण तात्पुरतं गाडलं जातं, पण ठोंबही उलटे पडतात आणि ते परत धरत नाहीत. तणाचं बी दहा वर्षं पुरेल एवढं जमिनीत असतं, ते पुढच्या पावसात पुन्हा वर येतं. शिवाय हस्ताचा एक जोरदार पाऊस मोकळी झालेली माती ओढ्याला नेतो. आमच्या माळावर सुपीक थर वीतभरही नसतो, तो गेला की मुरूम उरतो. माळ मोडून डाळिंब करायचा विचार मनात असेल तर आधी विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी पाहा. आहे त्या पाच एकरांना मे महिन्यात पुरतं का, याचं प्रामाणिक उत्तर स्वतःला द्या.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगतो की भरलेल्या विहिरीवरून सावरणं मोजू नका. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी मावायला जागा फार थोडी, वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा एवढीच. त्यामुळे थोडं पाणी मुरलं तरी पातळी झरकन वर येते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच झरकन खाली जाते. सप्टेंबरमध्ये काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते ती यामुळे. वरच्या माळावर गवत दाट झालं की ओढा पावसानंतर जास्त दिवस वाहतो आणि गढूळ कमी येतो. ती खूण विहिरीपेक्षा जास्त भरवशाची.

गाजरगवताबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंय, म्हणून सविस्तर. हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. एक झाड हजारोंनी बी टाकतं आणि उघडी, ढवळलेली जमीन त्याला सर्वांत आवडते. नांगरटीला नाही म्हणायचं आणखी एक कारण हे. उपाय तिहेरी आहे. फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. हाताला खाज किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या कामात पडू नये. नऊ एकरभर उपटणं शक्य नाही, म्हणून वाटेच्या कडा, गोठ्याजवळची जागा आणि पाण्याच्या वाटा एवढ्या तरी मोकळ्या ठेवा, कारण बी तिथूनच वाहत जातं. दुसरं म्हणजे तरोट्याला हात लावू नका. तो गाजरगवताला दाबतो, कृषी विद्यापीठंही गाजरगवताच्या जागी तरोट्याचं बी टाकायला सांगतात. तिसरं, पानांवर पांढुरक्या अंगावर काळ्या नागमोडी रेषांचे छोटे भुंगेरे दिसले तर ते मारू नका. मेक्सिकन भुंगेरे म्हणतात त्यांना. १९८४ मध्ये बंगळुरूजवळ ते मुद्दाम सोडले होते. कोरड्या महिन्यांत ते मातीत निपचित पडून असतात आणि पावसाबरोबर वर येऊन गाजरगवताची पानं चाळणीसारखी करून टाकतात. दुष्काळानंतर त्यांची संख्या कमी असते, वाढायला एखादा हंगाम लागतो. तुमच्याकडे दिसत नसतील आणि शेजारच्या गावात असतील तर डब्यात पाच-पन्नास भरून आणून सोडा. तणनाशक मात्र माळावर फवारू नका. ते उरलेसुरले ठोंब आधी मारेल.

कुसळीचं काय? ती वाईट गवत आहे असं मी म्हणणार नाही. तिचं एक बी हातात घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाका. शेपटीसारख्या कुसाचा पीळ सुटायला लागतो, बी तळहातावर गोल फिरतं आणि टोक खाली रोखतं. मातीवर पडल्यावरही हेच घडतं. दिवसा वाळून पीळ बसतो, रात्रीच्या दवाने किंवा सरीने सुटतो आणि बी हळूहळू जमिनीत शिरतं. कडक खपली धरलेल्या मुरमात इतर बिया वर पडून मुंग्यांच्या तोंडी जातात, त्यात कुसळी शिरते. उघड्या जमिनीवर ती आधी का येते ते यावरून कळेल. ती येऊ द्या. फक्त कुसं धरल्यावर मेंढ्यांना तिथे नेऊ नका, लोकरीतून कातडीत रुततात, डोळ्यांना इजा होते. कोवळेपणी ती चांगला चारा आहे.

फुकटच्या रोपांबद्दल जरा आग्रहाने सांगतो. माळ म्हणजे झाडं मेलेलं जंगल आहे असा समज फार पसरलाय. माणदेशातला बराचसा माळ मुळातच गवताळ आहे, मधून मधून हिवर, बोर, बाभूळ, हिंगणबेट असा. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं आणि अहिल्यानगरच्या कर्जतजवळचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चं. ती गवताळ रानांसाठीच राखली गेली. तिथल्या लांडग्याला, खोकडाला, चंडोलाला, धाविकाला उघडं गवताळ रान लागतं. दाट झाडी झाली तर ते निघून जातात. शिवाय खड्डे काढून लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पाणी मागतात, ते तुमच्याकडे नाही. सावलीसाठी, फळासाठी झाडं हवीत तर ओढ्याच्या काठाने आणि बांधावर लावा. माळावर जी झाडं आपोआप येतायत तीच राखा. तोडलेल्या बोराचा, कडुलिंबाचा बुंधा पाऊस पडताच फुटतो. त्यातले दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे छाटले की रोपापेक्षा कितीतरी लवकर झाड होतं, कारण खाली मुळं जुनी आहेत. वाळल्यासारखं वाटणारं झाड लगेच तोडू नका. नखाने साल खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर एक पावसाळा थांबा. याची उलट बाजूही लक्षात असू द्या : वरून सावरलेली काही झाडं दुष्काळानंतर वर्ष-दोन वर्षांनी अचानक वाळतात, कारण अशक्त खोडात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, शिरते. ती पाण्याअभावी वाळली असं समजून पाणी घालत बसू नका.

किड्यांचंही असंच मागेपुढे होतं. खाणारे आधी वाढतात, त्यांना खाणारे नंतर. दुष्काळानंतर भरपूर पाऊस झाला की लष्करी अळी, नाकतोडे, उंदीर एकदम वाढलेले दिसतात. पक्षी, परजीवी कीटक, साप यांची संख्या तोवर भरून आलेली नसते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे आले तर फांद्या हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. माळावर मृगाचे लाल मखमली किडे दिसले, ताज्या शेणाच्या पोटाखाली शेणकिड्यांनी बोगदे पाडलेले दिसले, तर मातीतला कारभार पुन्हा सुरू झाला आहे असं समजा.

एक इशारा जनावरांच्या बाबतीत, कारण यात दरवर्षी मरतूक होते. वाळक्या चाऱ्यावर महिने काढलेली शेळी-मेंढी अचानक कोवळ्या हिरव्यावर गेली की आंत्रविषार होतो. संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. पावसाळ्याआधी याची लस टोचून घ्या, आणि पहिले पंधरा दिवस सकाळी थोडा वाळला चारा घातल्याशिवाय बाहेर सोडू नका. ताण बसलेली आणि मग पावसावर पुन्हा फुटलेली कोवळी ज्वारी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. तिच्यात साइनाइडसारखं विष तयार होतं आणि काही मिनिटांत जनावर आडवं पडतं. फुलावर आल्यावर ते विष खूप कमी होतं.

आता बाहेरून काय करायचं, तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या तुकड्यांसाठी. मोठी खोदाई नको. जिवंत ठोंब असलेल्या माळावर यंत्राने चर मारले तर जितकं अडतं त्यापेक्षा जास्त मोडतं. चर उघड्या उतारावर, उन्हाळ्यात, समतल रेषा काढूनच. तुमच्याकडे आत्ता उपयोगी पडेल ते म्हणजे काट्यांचे आडोसे. बाभळीच्या, वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून त्या बारीक ओघळींत आडव्या टाका, वर दगड ठेवा. पहिल्याच पावसात त्यांच्यामागे बोट-दोन बोटं गाळ, काडीकचरा आणि बी साठतं. तिथेच गवत उगवतं, आणि काट्यामुळे जनावर तोंड घालत नाही. बी पेरायचं ते याच गाळावर पेरा, खडकावर नको. खोलगट, थोड्या भारी मातीत मारवेल. हलक्या मुरमावर पवन्या आणि डोंगरी. अगदी रेताड, कमी पावसाच्या जागी अंजन गवत. मारवेलाचे ठोंब राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे चौकशी करून मिळतात. पण माझा पहिला सल्ला तुमच्याच जाळ्यांतल्या बियाण्याचा, कारण तुमच्या माळावरचा दुष्काळ पार करून आलेलं ते बी आहे.

किती वर्षं, याचं उत्तर. ठोंब शिल्लक असलेला तुकडा पहिल्या वर्षी तणाचा, दुसऱ्या वर्षी कुसळी आणि वार्षिक गवतांचा, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पवन्या-मारवेलाचा होताना मी पाहिला आहे, मधे पाऊस बरा असेल आणि पावसाळ्यात चराई बंद असेल तर. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात, म्हणजे वाट बरोबर चालली आहे. विरळ ठोंबांच्या तुकड्याला याच्या दुप्पट धरा. उघड्या टेकाडाला मी वर्षं सांगणार नाही. मधे पुन्हा २०२३ सारखा हंगाम आला तर हिशोब मागे जातो, पण मुळं भरलेली असतील तर कमी मागे जातो. काहीच न करता निसर्ग सावरेल का, याला उत्तर म्हणून "हो, चराई थांबवलीत तर" एवढंच म्हणता येईल. चराई तशीच ठेवून नुसती वाट पाहिली तर मी पाहिलेले माळ तरवड आणि कुसळीवरच अडकून राहिले आहेत.

थोडक्यात, या हंगामात एवढं करा : आधी खुरपं घेऊन शिल्लक मोजा आणि नऊ एकरांचे तीन तुकडे मनाशी ठरवा. चांगले सहा एकर दिवाळीपर्यंत बंद. ओघळींत काटे. वाटेकडेचं गाजरगवत फुलाआधी उपटणं. नांगर, तणनाशक, माळावरची वृक्षलागवड आणि नव्या शेळ्या यांना दोन वर्षं नाही.

आणि कार्तिकात, दव उतरल्यावर, अकरा-बाराच्या सुमारास बोराटीच्या जाळ्यांशी जा. पवन्या-मारवेलाचे तुरे पिवळसर होऊन बी हाताने ओरपल्यावर सहज सुटत असेल तर ते निम्मंच ओरपा, निम्मं तिथेच झडू द्या. कापडी पिशवीत, सावलीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं बी लगेच पेरायची घाई करू नका, या गवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं, पुढच्या मृगापर्यंत ते उगवायला तयार होतं. जूनच्या सुरुवातीला बारीक माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून ओघळीतल्या गाळावर फेका आणि वरून काट्याची फांदी ओढा. खोल गाडू नका, अर्ध्या बोटाखाली गेलं तर ते वर येत नाही.